कायमची नाईट की फिरती शिफ्ट, हार्मोन्सना कुठली कमी त्रासदायक?

गोव्यात वेर्ण्याच्या फार्मा कंपन्या, मांडवीतले कॅसिनो, बांबोळीच्या हॉस्पिटलचे वॉर्ड, सगळीकडे हाच प्रश्न. कायम नाईट घेतली की बॉडीला सवय होते म्हणतात, पण बहुतेकांना ती पूर्ण होतच नाही, कारण सकाळी सातला ड्युटी संपवून स्कूटरवरून घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडलं की मेंदूतलं घड्याळ परत दिवसावर येतं, झोपेचं हार्मोन मेलाटोनिन दबतं, जागं ठेवणारं कॉर्टिसोल तर पहाटेपासूनच चढलेलं, मग झोप लागणार कशी? त्यात सुट्टीला घरच्यांसोबत दिवसा जागलं की झालेली थोडीफार सवयही जाते. गॉगल घालून घरी जा आणि खोलीत पूर्ण काळोख करून झोपा, फरक पडतो.

फिरतीत सकाळ-दुपार-रात्र असा क्रम शरीराला सोपा जातो, उलटा क्रम वाईट. नाईट सलग दोन-तीनच असतील तर मी फिरतीच घेईन.

डायबिटीस असेल तर दोन्हीकडे सांभाळा हं. रात्री इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे दुपारी चालणारी पातळभाजी-पावाची तीच प्लेट रात्री दोनला शुगर जास्त चढवते.

आणि दमा-संधिवातासाठी प्रेडनिसोलोन (कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टेरॉइड) चालू असणाऱ्यांनो, ती गोळी सहसा सकाळी देतात, शरीराच्या कॉर्टिसोलच्या वेळेला धरून. बरेच आठवडे घेतल्यावर किडनीवरची अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल कमी बनवते, म्हणून अचानक बंद करणं धोक्याचं. डॉक्टरला शिफ्टचा चार्टच दाखवा, वेळ त्यांनाच ठरवू द्या.