आजची सिम्फनी: रेडिओवर थेट, व्हिडिओवर की ध्वनिमुद्रणात?

मोठ्या वाद्यवृंदाची मैफल आज रात्री आहे आणि सभागृहात जाणं जमणार नाही. मग ती रेडिओवर थेट ऐकावी, पैसे भरून व्हिडिओवर पाहावी, की त्याच कृतीचं नावाजलेलं ध्वनिमुद्रण लावावं? माझा कल आधीच सांगतो. कृती ओळखीची असेल तर रेडिओ, पहिल्यांदाच ऐकणार असाल तर व्हिडिओ. ध्वनिमुद्रण कुठे पळून जात नाही.

निव्वळ आवाजात रेडिओ मागे पडतो, हे कबूल. एफएम स्टिरिओवर साधारण 15 किलोहर्ट्झ उंचीपर्यंतचेच स्वर पोचतात, सीडीवर 20 पर्यंत. पण हा फरक किरकोळ. उतारवयात तर कानच तिथवर जात नाहीत. खरं नुकसान होतं ते हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचं. फ्रेंच संगीतकार रावेलचं 1928 मधलं 'बोलेरो' घ्या. जेमतेम ऐकू येणाऱ्या ताशासारख्या छोट्या ड्रमवर सुरू होऊन पाव तास एकच चढण चढत जाणारी ही रचना. गाडीच्या घरघरीतही ऐकू यावं म्हणून एफएमवर बहुतेकदा हळू आवाज उचलतात आणि मोठा दाबतात. मग चढणीचं पठार होतं. गाडीत ऐकणार असाल तर हे दाबलेलंच बरं, नाहीतर पहिली पाच मिनिटं इंजिनच ऐकाल. शांत खोलीत बसणार असाल तर त्याच केंद्राचं इंटरनेट प्रक्षेपण लावा. 'बीबीसी रेडिओ 3' हे ब्रिटनचं अभिजात संगीताचं केंद्र असं प्रक्षेपण ब्रिटनमध्ये सेकंदाला 320 किलोबिटने, म्हणजे बऱ्याच बारकाव्यांसह, देत आलं आहे, आणि चांगल्या हेडफोनवर फरक लगेच कळतो. काही सेकंद उशिरा येतं, पण आपल्याला कुठे क्रिकेटचा स्कोअर हवाय?

व्हिडिओत बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा 'डिजिटल कॉन्सर्ट हॉल' ही इंटरनेटवरची सेवा 2008 पासून आहे, आणि कामही देखणं. नवख्याला त्याचा फार उपयोग होतो: ही धून ओबोची की क्लॅरिनेटची (दोन्ही फुंकून वाजवायची वाद्यं), हा प्रश्न डोळेच सोडवतात. अडचण अशी की कॅमेरा बासरीवर गेला की कानही बासरीवर जातो. त्याच वेळी खालच्या स्वरांत चेलो ही मोठी तंतुवाद्यं काय करताहेत, ते निसटतं. काय ऐकायचं हे दिग्दर्शक ठरवतो. रेडिओवर ते तुमचं तुम्ही ठरवता, म्हणून ओळखीच्या कृतीत दर वेळी नवं काही हाती लागतं.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'लाइव्ह' म्हणून विकली जाणारी अनेक ध्वनिमुद्रणं दोन-तीन रात्रींचे चांगले तुकडे जोडून केलेली असतात. हॉर्न या पितळी वाद्याचा स्वर फाटला, तर तो दुसऱ्या रात्रीचा घेतात. थेट रेडिओवर हॉर्नवादकाला दुसरी रात्र नसते, आणि एकट्या हॉर्नची ओळ जवळ आली की आपलाही श्वास अडकतो. मला तो धोका हवा असतो. तुम्हाला घरी पाहुणे असताना मागे मंद संगीत हवं असेल, तर अर्थातच नको.

शांततेचंही तसंच. कृतीच्या दोन भागांमधला खोकला, पानांची सळसळ, शेवटच्या स्वरानंतर टाळ्या सुरू होईपर्यंतचा तो क्षण, हे स्टुडिओत नसतंच. रेडिओच्या यंत्रणेला मात्र शांतता सोसत नाही: आवाज थांबला की प्रक्षेपण बंद पडलं असं समजून ती राखीव ध्वनिफीत सुरू करते. 2004 च्या जानेवारीत लंडनच्या बार्बिकन सभागृहातून अमेरिकन संगीतकार जॉन केजची, वादक एकही स्वर वाजवत नाहीत अशी 4 मिनिटं 33 सेकंदांची कृती थेट द्यायची होती, तेव्हा रेडिओ 3 ला ही यंत्रणा मुद्दाम बंद करावी लागली होती.

बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवाची प्रत्येक मैफल रेडिओ 3 वर थेट असते, आणि ब्रिटनमध्ये नंतर काही दिवस मागाहूनही ऐकता येते. सोय उत्तम. पण माझा अनुभव असा की थांबवायचं बटण हाताशी असलं की तिसऱ्या भागापर्यंत मी पोचतच नाही.

रेडिओ निवडलात तर आवाजाची पातळी निवेदकाच्या बोलण्यावरून लावू नका. तो माइकला चिकटून बोलतो. वाद्यवृंदाचा संचालक, म्हणजे कंडक्टर, मंचावर येताना ज्या टाळ्या पडतात, त्या आपण सभागृहात मधल्या रांगेत बसल्यासारख्या वाटतील इतपत आवाज ठेवा, आणि मग हात लावू नका.