खुबा बदलल्यानंतरचे सात महिने: वॉकर, काठी आणि त्यांच्या पायातलं रबर

डाव्या बाजूचा खुबा बदलून आता सात महिने होतील. इम्प्लांट कोणतं, सिमेंटचं की बिनसिमेंटचं, गोळा सिरॅमिकचा की धातूचा, ही चर्चा ऑपरेशनआधी सगळेच करतात, डॉक्टरही समजावून सांगतात. तिच्यात मी जात नाही. मला लिहायचं आहे ते फोल्डिंग वॉकरबद्दल, त्यानंतरच्या काठीबद्दल, आणि खरं म्हणजे त्यांच्या पायात बसवलेल्या रबरी बुशांबद्दल. कंपनीच्या कस्टमर केअरने मागच्या आठवड्यात मला पुन्हा तेच ऐकवलं: "सर, रबर वॉरंटीत येत नाही." तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं.

खुब्याबद्दल आधी दोन वाक्यं. तक्रार काहीही नाही. जी वेदना रात्री कुशीवर वळू देत नव्हती, ती ऑपरेशननंतर गेली ती गेलीच. राहिलं होतं ते जखमेचं दुखणं आणि स्नायूंचा अशक्तपणा, आणि दोन्ही हळूहळू कमी झाले.

शिगमो, म्हणजे आमच्या गोव्यातला होळीचा सण, संपल्यावर ऑपरेशन करून घेतलं, त्यामागे हिशेब होता. वडिलांच्या पिढीत पाऊस संपला की बंदूक घेऊन रानात जाणारे लोक होते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, आणि योग्यच झालं. माझा हंगाम नदीचा आहे. ट्रॉलरवाल्यांची बंदी 1 जून ते 31 जुलै, पण गरीवाला बघतो ते शापोरा नदीचं पाणी. चवथीनंतर पाऊस ओसरतो, तांबडं पाणी निवळायला लागतं, आणि खाजनाच्या, म्हणजे नदीकाठी बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपाशी) चोणक, तांबोशी, पालू या माशांचे दिवस येतात. तोवर बांधावर उभं राहता आलं पाहिजे, एवढं एकच मी सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले, "उभे राहाल. पडू नका म्हणजे झालं."

पडू नका. सगळा मुद्दा तिथे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत पडलात तर सांधा निखळू शकतो, किंवा आत बसवलेल्या दांड्याभोवतीचं मांडीचं हाड मोडू शकतं. मग पुन्हा ऑपरेशन, पहिल्यापेक्षा अवघड.

वॉकर घेतला तो हॉस्पिटलबाहेरच्या सर्जिकल दुकानातून. हलका, बटण दाबून घडी होणारा, उंची कमी-जास्त करता येणारा. उंची फिजिओने लावून दिली: हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे मूठ यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. हे नीट करून घ्या, नाहीतर खांदे भरून येतात. वॉकरची नळी, वेल्डिंग, मुठी, सगळं उत्तम. पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

पण आमचं अंगण चिऱ्यांचं आहे. पेडण्यातल्या जुन्या घरांची अंगणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. जांभा खरखरीत, भोकाभोकांचा. त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या की रबर कानशीवर घासावं तसं झिजतं. मे महिना संपेपर्यंत पुढच्या दोन बुशांच्या तळाच्या रेघा गेल्या होत्या. जूनमध्ये पाऊस लागला, चिऱ्यांवर शेवाळ धरलं, आणि एका सकाळी न्हाणीघराच्या टाइल्सवर वॉकरचा पुढचा पाय सरकला. सौ. मागेच होती, तिने धरलं. उलटा करून पाहिलं तर नळीच्या कडेने रबर आतून कापून तळ फाडला होता आणि अ‍ॅल्युमिनियम थेट फरशीला लागत होतं.

मुलगा त्याच दुकानात गेला. उत्तर मिळालं: "सुटी रबरं येत नाहीत, नवा वॉकर घ्या." वॉकर नव्यासारखा, आणि चार रबरांसाठी तो टाकून द्यायचा? मी बॉक्सवरच्या नंबरवर फोन केला. वॉरंटी फक्त फ्रेमची. रबर झिजणारी वस्तू, म्हणून ती वॉरंटीत नाही. बरं, वॉरंटीत नसू दे, विकत द्या. तर सुटी विक्री नाही. मला राग आला तो पैशांचा नव्हे. वॉकरचा जमिनीला टेकणारा एकमेव भाग म्हणजे हे रबर. बाकीची सगळी फ्रेम त्याच्या भरवशावर उभी असते. तोच भाग बदलून मिळत नसेल तर विकलं काय?

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. नंबर कोणीही लावू शकतं, बिल जवळ ठेवा. काही दिवसांनी कंपनीकडून चार बुश कुरिअरने आले, फुकट. इथवरचं मी जुलैमध्येच वहीत लिहून ठेवलं होतं, आणि कंपनीबद्दल मत थोडं सुधारलंही होतं.

आता ते मत बदलावं लागतंय. ती रबरंही पहिल्यासारखीच निघाली आणि पावसाळ्यातच फाटली. कारण कळलं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मुलासोबत गेलो तेव्हा, एका जुन्या हार्डवेअरवाल्याकडे. त्याने फाटलेलं बुश बोटाने उलगडून दाखवलं. "आत चकती खंय आसा?" चांगल्या बुशात तळाशी पोलादी चकती असते. नळीची पातळ कड त्या चकतीवर टेकते, रबरावर नाही, म्हणून नळी रबर कापत नाही. कंपनीच्या बुशात ती नव्हतीच. त्याच्याकडे चकतीवाले बुश होते. नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्यायचा, माझा 22 मिलिमीटर निघाला. 25 चं रबर 22 च्या नळीवर सैल बसतं आणि चिखलात निघून येतं, तेव्हा "चालेल हो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चार बुशांना जे दिले त्यात दोन चांगले चहा-पाव झाले नसते. चकतीवाली रबरं अजून शाबूत आहेत, तळाच्या रेघा दिसतात.

एक गोष्ट मनात सारखी येते. जॉन चार्नली या ब्रिटिश सर्जननी 1962 मध्ये पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा छोटा गोळा वापरून आजच्या खुब्याचा पाया घातला. त्यांचा सगळा ध्यास एकच होता, सांध्यातलं घर्षण कमी करायचं. तेव्हापासून जगभर त्याच दिशेने काम चाललंय. आत घर्षण आणि झीज जितकी कमी तितका खुबा टिकाऊ. आणि बाहेर जमिनीवर नेमकं उलट, घर्षण हवंच. आतल्या कामावर इतकी बुद्धी खर्च झाली आहे, तर बाहेरच्या रबरात एक चकती घालायला काय हरकत आहे? हे मी कंपनीला मेलवर लिहिलं आहे. उत्तरात फक्त तक्रार क्रमांक आला.

वॉकर सुटून काठी आली तेव्हा फिजिओने सांगितलेलं लक्षात ठेवा: काठी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात. माझा डावा खुबा, म्हणून काठी उजव्या हातात. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायला भाऊ चढला, आरतीला मी खुर्चीवर होतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंदच होतं आणि त्याची सवय व्हायला वेळ लागला.

उजव्या हातात काठी, आणि रॉडही उजव्याच हाताने टाकायचा. म्हणून आधी चार पायांची काठी घेतली, कारण ती हात सोडला तरी उभी राहते. घरातल्या फरशीवर उत्तम. बांधावर निरुपयोगी. उंचसखल दगडांवर तिचे तीनच पाय टेकतात आणि ती डुलते, आणि चिखलात तिची बारीक रबरं एकेक करून आतच राहतात. पैसे गेले. साधी एकपायी काठी, तिला मनगटात अडकवायची दोरी आणि तळाला रुंद, चकतीवालं बुश, हेच बरोबर. रॉड टाकताना काठी मनगटाला लोंबते, खाली वाकून उचलावी लागत नाही. वाकणं टाळायचं हे तर मुख्य. बसायला उंच स्टूल नेतो, खुब्यापेक्षा गुडघे खाली राहतील असं. त्याच्या पायांखाली फळी टाकायची, नाहीतर ते रुततं.

दसऱ्यानंतर सर्जननी एक्स-रे पाहून परवानगी दिली. भाच्याला सोबत घेऊन, मानशीचा लिलाव ज्याच्याकडे आहे त्याला विचारून, बांधावर गेलो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली, मानशीची दारं उघडली, खाजनातलं पाणी जोरात बाहेर यायला लागलं. जिवंत सुंगट (कोळंबी) लावून गरी त्या धारेच्या कडेला सोडली. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाण्याला ओढ भरपूर होती, आणि पाय बांधावर घट्ट होता. एक बऱ्यापैकी तांबोशी मिळाली. चोणक त्या दिवशी नाही, पण हंगाम अजून बराच आहे.

तारे: खुब्याला पाच. वॉकरच्या फ्रेमला पाच. कंपनीच्या रबराला शून्य, आणि ते सुटं विकत नाही म्हणून कंपनीला एक. म्हापशाच्या चकतीवाल्या बुशांना पाच. चार पायांची काठी घरापुरती घेणार असाल तर तीन.

वॉकर मी आता भाच्याच्या सासूबाईंना दिला आहे. त्यांचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये आहे आणि त्यांचंही अंगण चिऱ्यांचंच आहे. देताना चारही रबरं नवी घातली आणि आणखी चार पिशवीत घालून फ्रेमला बांधून दिली आहेत. दर रविवारी वॉकर उलटा करून तळ बघायचा, हे त्यांच्या सुनेला करून दाखवलं आहे.