६५०ची ट्विन: अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर आणि काळे झालेले हात

ही ६५० सीसीची पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरची मोटरसायकल) मी सेकंड हँड घेतली तेव्हा मीटरवर १८ हजार किमी होते, आता ३२ हजार आहेत. पिकअप आणि टॉप स्पीडवर भरपूर लिहिलेलं सापडतं. गाडी घरी उघडायला बसलं की काय वाट्याला येतं, तेवढंच मी सांगतो.

पहिली तक्रार फेअरिंगची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची. एअर फिल्टर बघायचा तर सीट काढा, टाकी उचला. कूलंटच्या पाइपपर्यंत जायचं तर बाजूचा अख्खा पत्रा (पत्रा कसला, प्लास्टिकच) उतरवा. त्याच्या क्लिपा मी पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या आणि चार तोडल्या. मधला खिळा जरासा आत दाबला की क्लिप आपोआप सुटते, हे नंतर कळलं. आता बोल्ट काढले की पुठ्ठ्यावर गाडीचं कच्चं चित्र काढून त्यात जागच्या जागी खोचून ठेवतो, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला चेननं. साठ-सत्तरच्या वेगाला खालून लयीत कर्र-कर्र आवाज यायचा. मला वाटलं गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. दोन रात्री झोप नाही. शेवटी गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक अधांतरी धरणारा स्टँड) घेतली आणि चाक हाताने हळूहळू फिरवत दर वितीला चेन वर-खाली करून बघितली. मॅन्युअलमध्ये ढिलाई २५ ते ३५ मिमी सांगितली आहे. एका जागी ती ४० भरली, अर्धा फेरा पुढे जेमतेम १५. म्हणजे चेन सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती, आणि मी मात्र दर वेळी नेमकी सैल जागा मोजून आवळत होतो! मोजायचं ते सगळ्यात घट्ट जागेवर. मागचा सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. तिथे तिला जागाच उरली नाही तर तो ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. थोडी सैल चेन परवडते, घट्ट नाही.

मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढली तर अर्धा दात उघडा दिसत होता, तेव्हा चर्चा संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलली. नवी चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसतो. तारेचा ब्रश लावला की चेनमधलं ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग फाटतात, आणि एकदा ते ग्रीस गेलं की वरून कितीही स्प्रे मारा, उपयोग शून्य. आता पाच-सहाशे किमीला स्प्रे, तोही फिरून आल्यावर, चेन कोमट असताना.

ऑइलचं काम दहा मिनिटांचं, पण मी त्यातही घाण केली. ड्रेन बोल्ट 'अजून थोडा' म्हणून आवळला आणि आटे गेले. बोल्ट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं, मग दुसरं काय होणार? हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून निभावलं आणि त्याच आठवड्यात टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पान्हा) घेतला. बोल्टचा वॉशरही आता दर वेळी नवा घालतो. आणि ऑइल जासो एमए किंवा एमए२चंच (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा). आधीच्या मालकाने कारचं ऑइल भरलं होतं. चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की आरपीएम वर जायचे, गाडी तिथेच. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे घर्षण कमी करणारी ऑइलं इथे चालत नाहीत. सुदैवाने दोनदा ऑइल बदलल्यावर प्लेटा सुधारल्या.

सातव्या महिन्यात एका सकाळी स्टार्टर नुसता टक-टक. नवी बॅटरी टाकली आणि विषय संपला असं समजलो. तीन आठवड्यांनी पुन्हा टक-टक. तेव्हा कुठे मल्टिमीटर लावला. इंजिन ५ हजार आरपीएमला आणि बॅटरीवर १२.३ व्होल्ट. तिथे १४च्या आसपास हवेत. स्टेटरच्या (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) तीन पिवळ्या वायरी सोडवून दोन-दोनच्या जोड्यांत एसी मोजला तर तिन्ही जोड्या सारख्या, रेस केली की चढत जाणाऱ्या, आणि एकही वायर बॉडीला लागलेली नाही. म्हणजे स्टेटर ठणठणीत. दोष निघाला रेग्युलेटरकडे (ती वीज बॅटरीजोगी करणारा डबा) जाणाऱ्या कनेक्टरमध्ये. पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, एक पिन काळी ठिक्कर. जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो, असं ते चक्र. जळका भाग कापून नवा जाड कनेक्टर नीट क्रिम्प केला. १४.२ व्होल्ट. बॅटरीचे पैसे पाण्यात, कारण जुनी नुसती चार्ज केली असती तर चालली असती. स्टार्टर रुसला की आधी मीटर, मग दुकान.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातली फट) २५ हजाराला केला. एक अख्खा रविवार आणि अर्धा सोमवार. एक्झॉस्टला माझ्या मॅन्युअलमध्ये ०.२२ ते ०.३१ मिमी, थंड इंजिनवर. चारपैकी तीन बसले, एक ०.२० निघाला. गंमत म्हणजे इंजिन अगदी शांत चालत होतं. टकटकणारा व्हॉल्व्ह निदान बोलून दाखवतो. घट्ट झालेला गप्प राहतो आणि नीट बंद न झाल्याने हळूहळू जळतो. कॅम उतरवून ०.०५ने पातळ शिम (ही फट ठरवणारी चकती) घातली. उतरवण्याआधी कॅम चेनच्या भुयारात कापड कोंबून ठेवा, आत पडलेला बोल्ट बाहेर काढणं हा वेगळाच रविवार असतो. झाकण लावण्याआधी क्रँक पान्ह्याने दोन फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा जुळवून घेतल्या, मगच स्टार्टरला हात.

ब्रेकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्लुइड काळपट झालं होतं, डॉट ४ भरलं, दर दोन वर्षांनी बदलणार. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलण्याआधी स्वच्छ पुसा, नाहीतर सगळी धूळ सीलमध्ये जाते.

घ्यावी का? पान्हा हातात धरायची हौस असेल तर बिनधास्त. नसेल तर व्हॉल्व्हचं काम झालेलीच गाडी शोधा.

परवा धुताना डाव्या फोर्कच्या (पुढच्या चाकाचा सस्पेन्शन) नळीवर तेलाची बारीक कडी दिसली. डस्ट सील खाली सरकवून कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी ऑइल सीलभोवती फिरवली, चिमूटभर माती निघाली. दोनशे किमी झाले, नळी अजून कोरडी आहे. पुन्हा ओली दिसली तर तेल कॅलिपरवर उतरण्याआधी दोन्ही फोर्क उघडणार.