डोकेदुखी विभाग, एक खाजगी रुग्णालय, पुणे : सात महिन्यांनंतरचा अभिप्राय

पहिल्याच भेटीत न्यूरोलॉजिस्टबाईंनी माझे एमआरआयचे पाकीट बाजूला ठेवले आणि पर्समधल्या गोळ्या टेबलावर काढायला सांगितल्या. महिन्याला किती पट्ट्या लागतात याचा हिशेब त्यांनी मलाच मांडायला लावला. अर्धशिशीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली अर्गोटामिन, कॅफिन आणि पॅरासिटामॉलची मिश्र गोळी मी महिन्यातील १८ दिवस घेत होते, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले. अशी मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारे औषध) महिन्यात १० दिवस, अथवा नुसते पॅरासिटामॉल १५ दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकते, हे त्यांनी न रागावता समजावले.

मिश्र गोळी त्याच दिवशी बंद झाली, झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचे टोपिरामेट २५ मिलिग्रॅमपासून सुरू झाले आणि डोकेदुखीची रोजनिशी हाती आली. पहिले दहा दिवस दुखणे वाढेल, असे आधीच सांगितले होते. तरीही चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी सोसवेना म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवली. अशा वेळेसाठी दिलेला दूरध्वनी मात्र दोन दिवस कोणी उचलला नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

टोपिरामेटने बोटांना मुंग्या आल्या, त्या चालल्या असत्या. पण नववीच्या वर्गात फळ्यासमोर ‘समद्विभुज’ हा शब्द सुचेना आणि तो मुलींनी पुरवला, तेव्हा मी घाबरले. तोवर १०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवलेली मात्रा ७५ वर आणल्यावर शब्द परतले. अर्धशिशीवर डोक्यात आणि मानेत देतात ती बोटॉक्सची ३१ ठिकाणची, दर १२ आठवड्यांची इंजेक्शने मी स्वतःहून विचारली होती; खर्च पाहता आधी गोळ्यांचे तीन महिने पाहू, असे उत्तर मिळाले, आणि खाजगी रुग्णालयात ते मला अनपेक्षित होते.

रोजनिशीत सुरुवातीला महिन्याला दुखण्याच्या दिवसांच्या २२ खुणा होत असत, गेल्या महिन्यात सात झाल्या. तपासणीची वेळ साडेनऊची असली तरी नंबर साडेअकराला लागतो, आणि डोकेदुखीच्या रुग्णांची ही प्रतीक्षा खोली उघड्या, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली आहे. जाताना गॉगल न्यावा.