लॉर्ड डनसेनीविषयी वाचायचं तर कोणतं पुस्तक : अ‍ॅमरी, श्वाइट्झर की जोशी?

आयर्लंडमधला अद्भुतकथाकार लॉर्ड डनसेनी याच्या कथा वाचून झाल्या आणि आता या माणसाविषयी काही धड वाचावं असं वाटू लागलं, की तीन पुस्तकांची नावं पुढे येतात. मार्क अ‍ॅमरी यांचं १९७२चं चरित्र, डॅरेल श्वाइट्झर यांचं १९८९चं ‘पाथवेज टू एल्फलँड’ आणि एस. टी. जोशी यांचं १९९५चं ‘लॉर्ड डनसेनी : मास्टर ऑफ दी अँग्लो-आयरिश इमॅजिनेशन’. एकच घ्यायचं असेल तर मी जोशींचं घ्या म्हणेन. पण काही वाचकांनी त्याच्याकडे लगेच वळू नये, असंही मला मनापासून वाटतं.

डनसेनीच्या लेखनाविषयी वाद नेमका कशाचा आहे ते आधी पाहू. डनसेनीने ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ हे कल्पित देवांच्या कथांचं पुस्तक १९०५मध्ये पदरचे पैसे घालून छापलं आणि पुढे जवळजवळ १९५७मध्ये मरेपर्यंत तो लिहीतच राहिला. बहुतेकांना माहीत असतात त्या मात्र पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या कथा. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट त्याच्यावर असा भाळला होता की १९१९मध्ये बोस्टनला त्याचं भाषण ऐकायला गेला. पुढे त्यानेच पत्रांतून खंत व्यक्त केली, की वय आणि सफाई वाढली तशी या लेखकाची टवटवी गेली. हे मत रूढच होऊन बसलं. १९६९पासून लिन कार्टर या संपादकाने डनसेनीची पुस्तकं अमेरिकेत पुन्हा बाजारात आणली, तेव्हाही भर जुन्या अद्भुत लेखनावरच होता. पहिलं दशक अस्सल सोनं आणि नंतर उतरती कळा, असा एकूण हिशेब.

जोशींचं पुस्तक या हिशेबालाच हात घालतं. जोशी लव्हक्राफ्टचे आघाडीचे अभ्यासक मानले जातात, आणि तरीही इथे लव्हक्राफ्टचा निकाल ते मानत नाहीत. पेगानाच्या देवांपासून उतारवयातल्या कादंबऱ्यांपर्यंत एकच ओढ आहे, ती म्हणजे माणसाने निसर्गाशी तुटलेलं नातं पुन्हा जोडावं, असं त्यांचं म्हणणं. रूप बदलत गेलं, ओढ तीच राहिली. याचा पुरावा हवा असेल तर १९३३ची ‘द कर्स ऑफ द वाइज वूमन’ पाहावी. आयर्लंडमधल्या एका दलदलीतून यंत्रं लावून पीट (जळणाला वापरतात ती दलदलीतली माती) काढायला कंपनी येते. तिथे राहणारी जाणती म्हातारी शाप देते, वादळ येतं आणि ती दलदलच सरकून यंत्रांना पोटात घेते. इथे पेगानासारखे कल्पित देव नाहीत, खरी आयरिश भूमी आहे, आणि चमत्कार झाला की निसर्गानेच आपलं काम केलं, हे शेवटपर्यंत उघड होत नाही. १९२७च्या ‘द ब्लेसिंग ऑफ पॅन’मध्ये तर अख्खं खेडं, शेवटी त्याच्या धर्मोपदेशकासकट, जुन्या रानदेवाकडे परततं. ही दोन पुस्तकं वाचल्यावर ‘उतरती कळा’ हा शब्द तोंडातून निघत नाही. जोशींचा युक्तिवाद मला पटतो तो यामुळे.

पण याच बळकट सूत्राची एक अडचण आहे. सूत्र हाती आलं की प्रत्येक कथा त्याच मापाने मोजली जाते. ‘आयडल डेज ऑन द यान’मध्ये एका शहराची भलीमोठी वेस हस्तिदंताची आहे. निवेदक जवळ जाऊन पाहतो तर सगळी वेस एकाच अखंड दातातून कोरलेली! तो धूम ठोकतो, कारण ज्या जनावराचा तो दात, ते कुठे असेल? हा थरार कोणत्याही सिद्धांताच्या आधीचा आहे. म्हणून ज्याने डनसेनीच्या चार-पाचच कथा वाचल्या आहेत, त्याने जोशी नंतर वाचावेत. आधी वाचले तर कथांमध्ये सिद्धांतच दिसत राहतो. (जोशींचा जन्म पुण्याचा, १९५८चा, वाढले अमेरिकेत. मराठी वाचकाला याचं अप्रूप वाटणारच, मलाही वाटतं; पण शिफारस त्यासाठी नाही.)

अशा नव्या वाचकासाठी श्वाइट्झर. ते स्वतः अद्भुत कथा लिहितात, ‘वीअर्ड टेल्स’ या अद्भुतकथांच्या मासिकाचे संपादकही होते. त्यामुळे ही कथा उभी कशी राहिली, कुठे ढिली पडली, हे ते लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहतात. वाचायला सोपं, बोलतं पुस्तक. विद्यापीठीय काटेकोरपणा हवा असेल तर मात्र ते अपुरं वाटेल. स्वतः अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांनी सोबत अमेरिकन अद्भुतकथा-लेखिका अर्सुला ल ग्विनचा १९७३चा ‘फ्रॉम एल्फलँड टू पोकीप्सी’ हा निबंध जरूर वाचावा. डनसेनीची नक्कल करायला गेलेल्या नवोदितांचं काय होतं, ते तिने स्पष्ट सांगितलं आहे.

अ‍ॅमरींकडे जायचं ते माणसासाठी. मीथ परगण्यातला वाडा, शिकार, बुद्धिबळ, बोअर युद्ध, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या डब्लिन उठावात झालेली जखम, फ्रान्सिस लेडविज या गरीब कवीला दिलेला आधार, हे सगळं चरित्राचं क्षेत्र. कथांची चिकित्सा त्यात शोधू नये. पण डनसेनी आयरिश किती आणि इंग्रज किती, हा प्रश्न ज्याला छळतो त्याला चरित्राशिवाय गत्यंतर नाही. इंग्लंडशी निष्ठा राखणाऱ्या जमीनदार वर्गातला हा माणूस, आणि भोवती आयरिश राष्ट्रवादाचा ऐन बहर. आयरिश कवी यीट्सने १९१२मध्ये त्याच्या निवडक लेखनाला प्रस्तावना लिहिली. त्यात तो म्हणतो की या लेखकाने पूर्वेकडच्या वाटणाऱ्या त्या धूसर प्रदेशांऐवजी जुन्या आयरिश दंतकथांकडे वळावं असं आपल्याला वाटत होतं. पण तसा आग्रह धरतानाच हेही कळत होतं, की वळला तर त्याच्या लेखनातलं सौंदर्य हरवेल. अँग्लो-आयरिश लेखकाची सगळी कोंडी त्या कबुलीत आहे.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एका पुस्तकावर भागणारच नाही. त्यांनी जोशी आणि श्वाइट्झर यांनी मिळून केलेली संदर्भसूची (१९९३, सुधारित आवृत्ती २०१४) आणि जोशींनीच संपादित केलेला २०१३चा समीक्षालेखसंग्रह ग्रंथालयातून मिळवावा. दुसऱ्याचा फायदा असा की जोशींशी न जुळणारे सूरही ऐकू येतात.

नाटकवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी एडवर्ड हेल बियरस्टाट यांचं १९१७चं ‘डनसेनी द ड्रमॅटिस्ट’ आहे, अमेरिकेतल्या छोट्या रंगमंचांवर डनसेनी गाजत होता त्याच काळात लिहिलेलं. एकांकिका बसवणाऱ्यांनी १९०९मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरला झालेली ‘द ग्लिटरिंग गेट’ आधी वाचावी : दोन मेलेले घरफोडे स्वर्गाचं दार हत्याराने उघडतात आणि आत नुसत्या चांदण्या. बियरस्टाट यांचं लिखाण भारावलेलं आहे आणि ते १९१७लाच थांबतं, त्यानंतरची चाळीस वर्षं त्यात नाहीत. पण ते इंटरनेटवर फुकट मिळतं. डनसेनीचं हयातीत छापलेलं लेखनही भारतीय कायद्याप्रमाणे २०१८पासून स्वामित्वहक्कातून मोकळं झालं आहे, त्यामुळे एकांकिका मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही.