रीडिंग पिलो वर्षभर वापरून: उशी बरी, चेनने जीव खाल्ला

पाठीला टेकण, दोन बाजूंना हात, वर उचलायचा पट्टा, कडेला चष्म्याचा खिसा. रीडिंग पिलो कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझी मोठ्या साइजची, गर्द निळ्या वेल्वेटची, गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये दोन हजारांच्या जरा आत मिळालेली. मी तिला टेकून शाळेचे पेपर तपासतो, मुलगी तलाठी भरतीचा अभ्यास करते आणि दुपारी आम्ही दोघं घरी नसलो की माय तिच्यावर आडवी होते. पाठीबद्दल तक्रार नाही. भिंतीला दोन उशा लावून बसलं की अर्ध्या तासात माणूस खाली घसरायचा, ते बंद झालं. कौतुक एवढंच. आता चेन.

उशीच्या बुडाशी शिवणीत लपवलेली चेन आहे. रनर आहे, पण रनरला धरायची पट्टी नाही. नखाने सरकत नाही, यू-पिन अडकवून ओढावी लागते. आणि ओढली की उघडते किती? वीतभर. अडीच फूट रुंद उशीला वीतभर तोंड! जाहिरातीत 'कव्हर काढून धुता येते' असं ठळक लिहिलेलं आणि आत शिवलेल्या लेबलवर बारीक अक्षरात 'फक्त ओल्या कपड्याने पुसा'. यातलं खरं काय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

हे सगळं उपटलं ते मार्चमध्ये. डोकं टेकतं तिथे ताटलीएवढा तेलकट डाग पडला. मायच्या डोक्याला रोज खोबरेल तेल, त्यात आमच्याकडची उडती काळी माती, वरून कापसाचं बारीक तूस. वेल्वेटचे केस त्या जागी चिकटून चपटे झाले आणि वास यायला लागला. पुसून पाहिलं, डाग मोठा झाला. म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणे, "सर, कव्हर रिमूव्हेबल आहे." म्हटलं, मॅडम, वीतभर तोंडातून दोन हातांचं कव्हर कसं निघतं ते मला दाखवा. तिने मलाच व्हिडिओ पाठवायला सांगितला. पाठवला. उत्तर आलं की परत घेण्याची मुदत संपली, आणि तशीही तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय नाही. उशी द्यायला पोरगा मोटारसायकलवर आमच्या दारापर्यंत आला होता. न्यायची म्हटलं की गाव गायब. वेगळं कव्हर विकत मिळतं म्हणाले, उशीच्या जवळजवळ निम्म्या किमतीला. त्याच्या फोटोत चेन कुठे दिसतच नाही. दिसणार कशी?

माय ऐकत होती. म्हणे, "काहून रे बापू, पिंजाऱ्याकडून लोड भरून घेतला असता तं दोनशात काम झालं असतं." लोडाला हात नसतात, हे तिला पटत नाही.

मग मेच्या सुट्टीत उशी रिकामी करायला घेतली. ज्यांना करायची आहे त्यांनी ऐका: आत फोमचे तुकडे असतात, बोटाच्या पेरापासून लिंबाएवढे, आणि मेमधली कोरडी हवा लागली की ते हाताला, कोपराला, बनियनला चिकटतात, झटकले तरी पडत नाहीत. पंखा लावला तर घरभर उडतात. म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पंखा बंद, कूलर बंद, दार लावून बसायचं आणि वीतभर भोकातून मूठ मूठ काढायचं. हात आत गेला की मूठ मिटते, भरली मूठ बाहेर निघत नाही. म्हणून पुन्हा अर्धी सोडायची. चेन हातभर असती तर हे काम चहा उकळेपर्यंत झालं असतं.

रिकामी करताना दुसरी गोष्ट कळली. डब्यावर 'मेमरी फोम' लिहिलं होतं. आत गुलाबी, पिवळे, हिरवे, राखाडी तुकडे निघाले, सोफेवाल्याच्या दुकानातलं कात्रण असतं तसेच. खरा मेमरी फोम ओळखायला सोपा: चिमटीत दाबून सोडला की हळूहळू फुगतो, साधा फोम लगेच उसळतो. माझ्याकडचे बहुतेक उसळले. शिवाय मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उन्हाळ्यात मऊ पडतो. माझी उशी डिसेंबरच्या पहाटेही तशीच आणि मेमध्येही तशीच, तेव्हाच शंका यायला हवी असं मुलगी म्हणाली. १९६६ साली नासाच्या कामातून विमानाच्या सीटसाठी निघालेला तो फोम, आणि आमच्या वाट्याला हे. पण खरं सांगू का, यावर मी फार चिडलो नाही. साधा फोम हलका असतो, वारा खेळतो, उन्हाळ्यात पाठ कमी तापते. चिडलो ते चेनवरच.

फोम मात्र धुऊ नका. पाणी आत शिरतं, पिळला तर तुटतो, वरून वाळला तरी पोटात ओल राहते आणि मग कुबट वास जन्मभर. उन्हातही पसरू नका, थेट उन्हाने फोम पिवळा पडून त्याचा भुगा होतो. मी सगळे तुकडे जुन्या मच्छरदाणीत बांधून ओसरीत सावलीला टांगले, दोन दिवस. हवा आरपार जाते, तुकडा बाहेर पडत नाही. वास गेला.

कव्हर घेऊन गावातल्या टेलरकडे गेलो, मोठी चेन बसवायला. त्यांनी उलटं-पालटं केलं आणि म्हणाले, "सर, हे चेन धुयासाठी नाही लावली. भरन कमी-जास्त कराले लावली हाये." तिथे माझं मत अर्धं फिरलं. मला पाठीशी उशी जरा जास्तच टणक लागायची, मान पुढे ढकलली जायची. भरताना दोन ओंजळी तुकडे कमी टाकले आणि मान जागेवर आली. काढलेल्या तुकड्यांची नातवाला छोटी उशी झाली. म्हणजे वीतभर चेनचाही उपयोग आहे, मान्य. पण मग जाहिरातीत तेच लिहा ना. धुण्याचं कशाला लिहिता?

टेलरकाकांनी दोन कामं केली. मांजरपाटाची आतली पिशवी शिवून दिली, सगळा फोम आता तिच्यात. आणि बाहेरच्या कव्हरला बुडाच्या तिन्ही बाजूंनी फिरणारी जाड चेन, पट्टीवाल्या रनरची. कापड, चेन, शिलाई धरून कंपनीच्या कव्हरच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. आता पिशवीसकट फोम एका झटक्यात बाहेर येतो.

राहिला धुण्याचा प्रश्न, आणि आमच्याकडे हाच मोठा. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट. पहिल्यांदा कव्हर त्याच पाण्यात वडीने धुतलं. फेस नाही, वर दह्यासारखी साय धरली आणि वाळल्यावर निळ्या वेल्वेटवर पांढरट कडांचे डाग. पाण्यातल्या क्षारांबरोबर साबणाचा साका होतो आणि तो केसांत अडकून बसतो. वडीपेक्षा पावडर बरी, तिला एवढा साका येत नाही. पण खारट पाण्याचं मीठ कापडात उरतंच, आणि पावसाळी हवेत ते ओल धरतं, हात लावला की चिकचिक. शहानूर धरणाचं नळाचं पाणी गोडं आहे, पण ते आलं की आधी प्यायचे हंडे भरायचे. उशीसाठी बादली मागितली की माय माझ्याकडे बघते. पावसाचं पाणी गोडं आणि फुकट, टिनावरून पिंपात उतरतं, पण तेव्हा वाळवायला ऊन नसतं. शेवटी असं बसवलं: धुणं बोअरच्या पाण्यात आणि शेवटचं एकच खळबळणं गोड्या पाण्यात. अर्धी बादली पुरते.

तेलाच्या डागाला भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, कोमट पाणी, बोटांनी हलकं चोळणं. ब्रशने घासलं तर केस उपटतात. कडक गरम पाणी आणि इस्त्री दोन्ही नको, पॉलिस्टरचे केस चपटे होतात ते परत उठत नाहीत. पिळायचं नाही, दोरीवर निथळत ठेवायचं, अर्धवट ओलं असताना मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवायचा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कव्हर तासाभरात वाळलं. पावसाळ्यात धुऊच नका, नुसतं झटका.

आणि एक स्वस्त उपाय, जो कुठल्याही डब्यावर लिहिलेला नाही. मायच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा डोकं टेकतं तिथे नाड्यांनी बांधला. तो आठवड्याला निघतो, उकळत्या पाण्यात टाकता येतो, तेल त्यालाच लागतं. पूर्ण कव्हर आता उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीला धुतलं तरी चालतं. उन्हाळ्यात कूलरच्या समोर मात्र उशी ठेवू नका. पाण्याचे बारीक तुषार वेल्वेटवर बसतात, रात्रभर ओल आणि सकाळी त्यावर धूळ.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मी टेलरकाकांना दिला आहे, त्यामुळे कंपनीच्या वाट्याला तीनच. घेणार असाल तर विकणाऱ्याला रंग, साइज, फोम काही विचारू नका, टेपने मोजून चेनची लांबी विचारा, आणि सांगितली नाही तर शिलाईचे पैसे किमतीत धरूनच घ्या. वरच्या पट्ट्याची शिवण एका बाजूने उसवायला लागली आहे. तीही पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी टेलरकडेच जाईल, कस्टमर केअरला फोन लावणार नाही.