बडोद्यात ॲक्सोलॉटल पाळायचाय? पंखा, बर्फ की चिलर, ते आधी ठरवा

ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी. मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचा, सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या गार पाण्यातला. त्याला 16 ते 18 अंश मानवतात. 24च्या वर तो खचायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा टाकी किती फुटी, हे नंतर बघू.

पंखा सगळ्यात स्वस्त. पाण्यावर वारा लागला की बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात. डिसेंबर-जानेवारीत, दांडिया बाजारातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात, तेवढं पुरतं. मे महिन्यात टाकीतलं पाणीच तिशीपार, तिथून चार अंश उतरून काय होणार? पण खरा घात जुलैत होतो. हवा दमट, पाणी उडतच नाही, पंखा नुसता फिरत राहतो. माझा पहिला ॲक्सोलॉटल असाच गेला. एका सकाळी शेपटीचं टोक गळासारखं वळलेलं, झालरीसारखे कल्ले पुढे झुकलेले, एका कल्ल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. अजून सलतं ते.

बर्फाच्या बाटल्यांचा हिशोब करून बघा. लिटरभर बर्फाने 80 लिटर पाणी जेमतेम एक-सव्वा अंशाने उतरतं, आणि बर्फ वितळला की पुन्हा चढतं. ही चढउतार त्याला सोसत नाही. वीज गेल्यावर हाताशी चार बाटल्या हव्यातच, पण रोजची भिस्त त्यांच्यावर नको.

चिलर म्हणजे टाकीतलं पाणी थंड करणारं यंत्र. ते महाग, बिलही वाढवतं. पण 18वर लावलं की मे असो वा जुलै, 18च. ते गरम हवा बाहेर फेकतं, म्हणून कपाटात कोंडू नका. आणि पाण्याची धार काचेकडे वळवा, जोराचा प्रवाह त्याला त्रासदायक. खोलीत दिवसरात्र एसी चालतच असेल तर एसी-पंख्याची जोडीही बरी चालते, कारण एसीने हवा कोरडी होते.

माझं मत चिलरला. बारा-पंधरा वर्षं जगणारा जीव आहे हा.

बाकी थोडक्यात: खडे नकोत, गिळतो, तळ मोकळा ठेवा. खायला गांडुळं उत्तम. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवा. हा प्राणी साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2मध्ये असल्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणीही करावी लागते.

चिलरचे पैसे आत्ता जमत नसतील तर टाकी लावून फिल्टर मुरू द्या, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतातच. प्राणी चिलर आल्यावर आणा.